कडाप्प्यावरची पाटी

“कुठलंबी चालंल,” तो म्हणाला.

“कुठलंही म्हणजे? हे काय भज्यांचं दुकान आहे, कुठलीही पावशेर द्या म्हणायला?”

मी खिडकीच्या आत होतो, तो बाहेर. मध्ये गज. गजांच्या खाली पुस्तक सरकवण्यापुरती मोकळी जागा आणि तिथे कडाप्प्याची एक रुंद फळी. आमच्या तुरुंगाचं वाचनालय म्हणजे एक खोली, चार कपाटं आणि ही खिडकी. कैद्यांनी आत यायचं नाही असा नियम होता. बाहेर उभं राहून पुस्तक मागायचं, वहीत सही करायची, बराकीत घेऊन जायचं. आत बसायची मुभा एकट्या मला, कारण आधी बसणारा कैदी सुटून गेला होता आणि मी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस, अक्षरांशी जन्माची ओळख असलेला. रागाच्या भरात एकाला ढकललं, तो जिन्यावरून पडला तो उठलाच नाही, म्हणून मी तिथे होतो. माझा राग तसा अजूनही गेलेला नाही.

“सही येते का?” मी विचारलं.

“न्हाई. अंगठा हाय.”

“मग पुस्तकाचं काय करणार? विडी वळणार?”

हा प्रश्न उगाच नव्हता. बराकीत तंबाखू कशी यायची ते कुणी विचारू नये, पण ती गुंडाळायला कागद जायचा तो माझ्या कपाटातून. परत आलेल्या कादंबऱ्यांना शेवट नसायचा. नायिका विहिरीच्या काठावर उभी आहे आणि पुढची पानं धूर होऊन गेलेली. मी संतापून पुस्तकं मोजून द्यायचो, पानं मोजून परत घ्यायचो.

“म्या विडी वढत न्हाई,” तो शांतपणे म्हणाला. “मला वाचाय शिकायचंय. पोरगी काय लिवती ते वाचायचंय.”

त्याचं नाव भिवसेन घायाळ. सगळे भिवा म्हणायचे. तुरुंगाच्या स्वयंपाकघराला आमच्याकडे भिसी म्हणत, तिथे तो भाकरी थापायचा. उंच, हाडापेराने मोठा, आणि बोलताना समोरच्याच्या ओठांकडे बघायचा. ही सवय त्याला मुलीमुळे लागली होती. पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं, शेजाऱ्याने बैलाच्या तोंडावर काठी मारली, याच्या हातात फावडं होतं. त्यापुढचं त्याने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बायको आधीच साप चावून गेलेली. मुलगी कावेरी, अकराबारा वर्षांची, जन्मापासून बहिरी, त्यामुळे मुकीही. ती जिल्ह्याच्या गावी मुक्या मुलांच्या शाळेत राहायची आणि सुट्टीत त्याच्या बहिणीकडे, सुंदराबाईकडे.

“दिवाळीत बहिणीनं आणली तिला मुलाखतीला,” तो सांगायला लागला. “आता काच बसिवली न्हवं का तिथं? फोनवर बोलायचं. तिला फोनचा काय उपेग? तर साळंतनं पाटी घिऊन आली. काय तरी लिवलं आन् काचंला लावलं. म्या हसलो. मान हलीवली. हो, हो म्हनलं.”

“मग?”

“मग ती रडाय लागली.”

“लिहिलं काय होतं पण?”

“त्येच तर! बहिणीला फोनवर इचारलं, तर तिलाबी अक्षर न्हाई. वेळ संपली, शिपायानं उठीवलं. मास्तर, म्या कशाला हो म्हनलो त्येच मला ठाव न्हाई. रातच्याला डोळा लागत न्हाई हो.”

माझ्या तोंडात आलेला टोमणा तिथेच राहिला. माणसाने शिक्षा भोगावी, पण आपण कशाला हो म्हणालो हे न कळता भोगावी, हे फार झालं.

“मी मास्तर नाही,” मी म्हणालो. “आणि एवढं कशाला करतोस? पुढच्या वेळी बाजूच्या शिपायाला म्हण, वाचून दाखव म्हणून. मुलीला मनातलं काय ते...”

“बापलेकीच्या मधी तिसरा कशाला, मास्तर?”

तुरुंगातल्या गुरुजींची बदली झालेली, त्यांची जागा रिकामी. साक्षरतेचा वर्ग कधीकाळी भरायचा, त्यातल्या पाट्या कपाटाच्या तळाशी धूळ खात होत्या. मी एक काढली, पुसली आणि कडाप्प्यावर ठेवली. मुलगी आता येणार ती मे महिन्यात, शाळा सुटल्यावर. तोवर याला वाचता आलं पाहिजे. ठरलं ते एवढंच.

रोज दुपारी भिसीचं काम आटोपलं की तो खिडकीशी येऊन उभा राहायचा, हाताला पीठ तसंच. मी आत स्टुलावर. मध्ये कडाप्प्यावर पाटी नाहीतर पुस्तक. मी अक्षर गिरवायचो, बोट ठेवायचो, तो गजांतून वाकून बघायचा. पहिल्या दिवशी कमळातला क काढला, तर साहेब म्हणतात, “कमळाचं मला काय करायचंय? पोरगी काय कमळ लिवणाराय का?”

“मग काय लिहिणार आहे?”

“ती लिवंल भूक. लिवंल आत्या. साळा लिवंल. शेरडाचं लिवंल.”

पटलं मला. मोठा माणूस पोरांच्या पुस्तकातून शिकत नाही, त्याला त्याच्या पोटापाण्याचं लागतं. कपाटात शेळीपालनावरचं एक सरकारी पुस्तक पडलं होतं, त्याचं एकही पान कुणी विडीला नेलं नव्हतं, इतकं ते कंटाळवाणं. ते काढलं. आणि काय सांगू, हा गडी त्यावर तुटून पडला! ‘गाभण शेळी’ हे शब्द त्याने आठवड्याभरात ओळखले, आणि पुढच्या ओळीत पुस्तकवाल्याने चाऱ्याविषयी जे लिहिलं होतं ते मी वाचून दाखवल्यावर खो खो हसला. “ह्यानं शेळी बघितलीया का कवा?” म्हणाला.

एकदा पाटीवर मी एक लांब शब्द लिहिला तेव्हा तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “समदी कशी एका बांधावर उभी हायेत, न्हाई?”

“उभी नाहीत रे बाबा, लटकली आहेत. ती रेघ वर असते, अक्षरं खाली.”

“आसंल,” तो म्हणाला. चेहरा मात्र काही पटल्याचा नव्हता. मी मनात म्हटलं, अडाणी माणूस, वर कुठलं आणि खाली कुठलं हे कळायलाही वेळ लागायचा.

अक्षर सुरेख होतं त्याचं. पीठ मळणारा हात, पण पेन्सिल धरली की हलका व्हायचा. पाटीवर लिहायचा ते मला स्टुलावरून सरळ, मोत्यासारखं दिसायचं, आणि मी खूश व्हायचो. संक्रांतीच्या सुमाराला त्याने पुस्तक बराकीत न्यायचं म्हटलं, तेव्हा मी सहीची वही पुढे केली. वही त्याच्याकडे फिरवायचं विसरलो. तरी त्याने गजांतून हात घालून ‘भिवसेन’ लिहिलं, माझ्या बाजूने सरळ. मला वाटलं, बघा, अंगठेबहाद्दर माणूस पण रीत किती, माझी सोय बघतो.

सगळं असं गोड चाललं होतं असं मात्र नाही. जोडाक्षरं आली आणि आमचं बिनसलं. ‘म्हणून’ हा एक शब्द त्याला चार दिवस येईना. पाचव्या दिवशी माझं डोकं फिरलं. “डोकं आहे का मडकं? पालथ्या घड्यावर पाणी नुसतं!” मी ओरडलो, आणि पाटी अशी आपटली की चौकटीचा कोपरा निखळला.

त्याने गजांतून हात घातला. निखळलेली पट्टी उचलली, बोटाने दाबून परत बसवली.

“मास्तर,” तो म्हणाला, “रागापायीच हितं आलो आपुन दोगं. आता जरा हळू घिऊ.”

मी पाटी पुसली आणि ‘म्हणून’ पुन्हा लिहिला. त्या दिवशी त्याला तो आला.

भिसीतला कचरू म्हणून एक होता, दुसऱ्याची टिंगल केल्याशिवाय त्याला घास जायचा नाही. तो खिडकीशी चित्रांचं मासिक न्यायला आला तेव्हा दात काढत म्हणाला, “काय हो प्रेसवाले, शिष्य लई तयार केलाय तुमी! बराकीत पुस्तक उलटं धरून बसतो आन् ओठ हलवतो. गाढवापुढं वाचली गीता!”

“तुझ्या बापाचं काय जातं?” मी म्हणालो. “तू सुलटं धरून काय दिवे लावलेस? चित्रं बघतोस नुसती. पुन्हा बोललास तर तीही बंद करीन.”

कचरू मासिक घेऊन गेला, आणि मी ते विसरूनही गेलो.

होळीनंतर सुंदराबाई एकटीच मुलाखतीला आली. भिवा परत आला तो थेट खिडकीशी, आणि कडाप्प्याला धरून उभा राहिला.

“पोरगी येत न्हाई म्हनती.”

“मे महिन्यात?”

“कवाच. बहीण म्हनती, तुझं नाव काढलं, खुणंनं दावलं, की मान हलवती, न्हाई. लई इचारलं तर पाटी फेकून देती.” त्याने माझ्याकडे बघितलं. “काय म्हनलो आसंन मी, मास्तर? कशाला हो म्हनलो आसंन?”

“काही का असेना, तिला आणायला सांगितलंस ना?”

“सांगितलं. बहिणीला म्हनलं, पाय धरतो तुझे, एकडाव आण. वढून आण पायजेल तर.”

त्यानंतर तो वाचण्यावर असा काही तुटून पडला की विचारू नका. शेळीपालन संपलं. पिकांवरची पुस्तिका संपली. एक पौराणिक गोष्टींचं पुस्तक मी त्याला कडाप्प्यावर उघडून दिलं, आणि त्याने बोट ठेवून अख्खं पान म्हटलं. अडखळत, थांबत, पण अख्खं. खिडकीशी दुसरे दोनतीन जण येऊन उभे राहिले होते, तेही हलले नाहीत. त्यातला एक हळूच म्हणाला, “मलाबी शिकवता का?” मी त्याच्यावर खेकसलो, पण दुसऱ्या दिवशी त्यालाही पाटी काढून दिली.

मे उजाडला. मुलाखतीच्या दिवशी भिवाने हट्ट धरला की मीही यावं. “तुमी काय बी बोलू नका. नुसतं उभं ऱ्हावा पाठीशी. धीर वाटंल.”

मुलाखतीच्या खोलीवर नलावडे सुभेदार असायचे. मिशीवाले, कडक, पण मनाने वाईट नव्हते. मी परवानगी मागितली तर म्हणाले, “तुझं कोण आलंय?”

“माझं कुणी येत नाही साहेब.”

“मग?”

“आज माझी परीक्षा आहे.”

त्यांनी भिवाच्या हातातली पाटी बघितली, मिशीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

खोलीच्या मधोमध काच होती, कमरेपासून वर. काचेच्या दोन्ही बाजूंना बसायला बाकडं आणि हात टेकवायला काचेखालून आरपार गेलेली फळी. सुंदराबाई पलीकडे बसली होती, डोक्यावर पदर, डोळे सुजलेले. तिच्या शेजारी कावेरी. दोन वेण्या, शाळेचा निळा झगा. बापाकडे बघत नव्हती. भिंतीकडे बघत होती. पाटी पिशवीत होती.

भिवाने फोन उचलला. बहिणीशी दोन शब्द बोलला. मग फोन ठेवून त्याने मुलीपुढे बोटं हलवली, खूण केली. जेवलीस का? घरच्या खुणा त्यांच्याकडे होत्या, पण त्या किती? जेवलीस का, झोपलीस का, शेळी कुठाय. एवढ्यात दिवाळीपासूनचं कसं मावणार!

पोरीने बघितलंच नाही.

त्याने स्वतःची पाटी उचलून दाखवली. ती तिला दिसली मात्र, तिची मान वळली. बापाच्या हातात पाटी? तिने बापाकडे बघितलं, मग पाटीकडे, मग माझ्याकडे. सुंदराबाईने तिला कोपराने ढोसलं. पोरीने पिशवीतून पाटी काढली. फणकाऱ्यानेच काढली. खाली मान घालून भराभरा लिहिलं आणि दोन्ही हातांनी पाटी उचलून काचेला लावली.

मी भिवाच्या खांद्यावरून वाचलं. अक्षर स्वच्छ होतं, शाळेतलं. आता हा वाचेल आणि इथेच कोसळेल, असं वाटलं मला.

पण तो वाचेना.

डोळे बारीक करून बघत राहिला. मान पुढे नेली, मागे घेतली. “मास्तर,” तो पुटपुटला, “ही आपली अक्षरं न्हाईत.”

“म्हणजे काय? मराठीच आहे. वाच की!”

“न्हाई मास्तर. ही लटकलीत.”

“लटकलेलीच असतात! किती वेळा सांगितलं तुला?”

मला काही कळेना. काल अख्खं पान म्हणणारा माणूस आज दहा शब्दांपुढे उभा आणि एक अक्षर ओळखीचं नाही? घाबरला असेल, मला वाटलं. पलीकडे पोरगी पाटी धरून बसली होती. बाप बघतोय, बघतोय आणि त्याला काही कळत नाहीये, की कळूनही तो बोलत नाहीये? तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. सुभेदारांनी घड्याळाकडे बघितलं. माझ्याने राहवेना, मी वाचून दाखवायला तोंड उघडलं, तेवढ्यात भिवाने मागे न बघता हात वर केला.

“तुमी न्हाई,” तो म्हणाला.

पोरीचे हात दमले, की मन दमलं कोण जाणे. तिने पाटी काचेपासून काढली आणि आपल्या पुढ्यात फळीवर ठेवली. झग्याची बाही ओढून मुठीत घेतली, पुसायला.

भिवाने फळीवर थाडकन हात मारला.

तिला ऐकू येत नव्हतं, पण फळी हलली असणार. तिने दचकून वर बघितलं. त्याने पंजा दाखवला. थांब. पुसू नको. मग काचेवर बोट टेकवून तो फळीवरच्या त्या पाटीकडे बघत राहिला, आणि बोट उजवीकडून डावीकडे सरकायला लागलं.

“मी... वि... चा... र... लं,” तो म्हणत होता. “मी विचारलं... मी... येऊ... नको का.”

कसं वाचलं याने? पाटी तीच, अक्षरं तीच. फक्त आता ती पोरीच्या पुढ्यात पडली होती, तिच्याकडून सरळ. म्हणजे आमच्याकडून...

अरे देवा!

दिवाळीपासून मी खिडकीच्या आत आणि तो बाहेर. पुस्तक माझ्याकडे तोंड करून, पाटी माझ्याकडे तोंड करून. त्याने एकही अक्षर कधी सुलटं पाहिलंच नव्हतं. तो बांध, ती बांधावर उभी असलेली अक्षरं, वहीतली माझ्या बाजूने केलेली सही, कचरूची टिंगल, सगळं माझ्या नाकासमोर होतं. आणि मी जन्मभर खिळे उलटे वाचलेला माणूस, उलट्यासुलट्याचं मला काहीच वाटलं नाही. मी माझ्या बाजूने बघत राहिलो आणि शाबास म्हणत राहिलो.

“तुम्ही... हो... म्हणाला,” भिवा वाचत होता. शेवटचा शब्द खालच्या कोपऱ्यात होता, वेगळा, बारीक. त्यावर त्याचं बोट बराच वेळ थांबलं.

“हसून,” त्याने वाचलं.

मी विचारलं मी येऊ नको का. तुम्ही हो म्हणाला. हसून.

भिवाने कपाळ काचेला टेकलं. आवाज करून रडला तो. मोठा माणूस असा रडताना मी तुरुंगातही फारसा पाहिला नव्हता. शेजारच्या बाकड्यावरच्या लोकांनी फोन खाली घेतले. सुंदराबाई पलीकडून काचेवर हात मारून “काय रं? काय लिवलंय?” विचारत असणार, पण तिचं कुणाला ऐकू येत नव्हतं.

मग त्याने बाहीने डोळे पुसले, आपली पाटी आपल्या पुढ्यात फळीवर ठेवली आणि लिहायला लागला. मी त्याच्या पाठीशी उभा होतो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्याचं लिहिणं त्याच्या बाजूने बघत होतो, आणि ते डोक्यावर उभं होतं. पलीकडे बसलेल्या पोरीला मात्र ते एकेक अक्षर उमटत जाईल तसं सरळ दिसत होतं. ती बाकड्यावरून उठली. काचेला नाक लावून वाचायला लागली.

मला वाचता येत नव्हतं, त्याने लिहिलं.

तिने आपली पाटी पुसली. फळीवरच ठेवून लिहिलं. कधीच?

कधीच.

तिने पाटी पुसली. मग लिहिलं, मग सगळ्याला हो का म्हणायचा?

भिवाची पेन्सिल अडली. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, पण ते मदतीसाठी नव्हतं. मग त्याने एकच शब्द लिहिला.

लाज.

पोरीने तो शब्द वाचला. बापाकडे बघितलं, नीट, डोळ्यांत डोळे घालून. त्या वयाची पोर असं बघते तेव्हा मोठ्या माणसाला खाली बघावं लागतं. भिवाने खाली बघितलं नाही. पाटी पुसली आणि लिहिलं, म्हणून शिकलो. तू ये. दर सुट्टीत ये.

‘म्हणून’ मधलं जोडाक्षर त्याने एका फटक्यात काढलं, हे मी बघितलं.

तिने उत्तर लिहिलं नाही. बोट उचललं आणि काचेवर टेकवलं, मघाशी त्याचं बोट होतं तिथेच. मग तिला भरतं आलं. ती लिहायला लागली ते थांबेचना. वसतिगृहातली मैत्रीण, शिवणाचा तास, आत्याची शेळी, तिला झालेली दोन करडं. एक पाटी भरायची, पुसायची, दुसरी भरायची. उचलून दाखवायची गरजच नव्हती. दोघं समोरासमोर माना खाली घालून बसले होते आणि एकमेकांचं लिहिणं उमटता उमटता वाचत होते. शेजारचे लोक काचेपलीकडे फोनवर ओरडत होते, “काय? ऐकू येत न्हाई, मोठ्यांदा बोल!” आणि या दोघांत काही आवाज नव्हता.

वेळ संपून गेली होती. नलावडे सुभेदार आले, आमच्या मागे उभे राहिले आणि न बोलता परत गेले. दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी भिवाच्या खांद्यावर हात ठेवला. पोरीने ते बघितलं. पाटी पुसून तिने घाईघाईने एक शब्द लिहिला आणि आत्याचा हात धरला.

येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिवा खिडकीशी आला तेव्हा मी त्याला सगळं समजावून सांगितलं. पुस्तक त्याच्या बाजूने फिरवून ठेवलं. “हे सुलटं,” म्हणालो. “जग असं वाचतं. माझ्या गाढवपणामुळे तू उलटं शिकलास. चल, पुन्हा पहिल्यापासून.”

त्याने पुस्तकाकडे बघितलं, हसला आणि पुस्तक फिरवून माझ्याकडे सरळ केलं.

“ऱ्हाऊ द्या मास्तर. पोरगी समोरच बसती न्हवं? तिच्या बाजूनं सुलटं हाय, मला तेवढं बास.”

मी मात्र त्या दिवसापासून खिडकीत बसून शिकवणं सोडलं. सुभेदारांच्या पाया पडलो, त्यांनी वरपर्यंत शब्द टाकला, आणि खोलीबाहेरच्या ओट्यावर दुपारची बसायची परवानगी मिळाली. शिकायला येणाऱ्याला मी शेजारी बसवायचो, मांडीला मांडी लावून. कचरूसुद्धा आला. मासिकातल्या चित्रांखाली काय लिहिलंय ते हवं होतं त्याला. पुस्तकांची पानं पुढे पुढे कमी फाटायला लागली, निदान वाचून होईपर्यंत तरी.

मी सुटलो तो भिवाच्या आधी. पुढे एका छापखान्यातच लागलो. खिळे गेले होते, यंत्रं आली होती, मला मुद्रितं तपासायला बसवलं. बऱ्याच वर्षांनी एक दिवस दारात उंच, पांढऱ्या केसांचा माणूस उभा. सोबत एक बाई, गळ्यात शिवणाची टेप. कावेरीने गावात शिलाईचं दुकान काढलं होतं, त्याची जाहिरात छापायची होती.

मी कच्चा छाप काढून आणला, टेबलावर ठेवला आणि मुद्दाम माझ्याकडे सरळ, त्याच्याकडे उलटा ठेवला. जुनी ओळख म्हणून. मला वाटलं, हसेल आणि वाचेल.

तो हसला खरा. पण त्याने कागद हळूच फिरवून घेतला.

“आता सुलटं येतं, मास्तर,” तो म्हणाला. “घरी आलो आन् पोरगी समोर बसायची ती शेजारी बसाय लागली. मग मला कायबी वाचता यीना! समदं पुन्ना शिकावं लागलं. तिनंच शिकीवलं.”

कावेरीने खुर्ची ओढली, त्याच्या शेजारी बसली, आणि दोघं कागदावर वाकले.